घरगुती प्रकाशन

दादा आला तो आईला घेऊनच. आज प्रकरण सोपं नाही, हे चिमीला तेव्हाच कळलं.

दुकान पूर्वी शिंप्याचं होतं. भिंतीवरचा उंच आरसा अजून तसाच होता आणि फरशीच्या फटींतून अधूनमधून टाचण्या निघत. आता तिथे छापखान्यातून सकाळीच आलेले पुस्तकांचे गठ्ठे होते. त्यांच्या आडोशाला बसून वहिनी पाकिटांवर पत्ते चिकटवत होती. पुस्तक तिचंच होतं. 'विषय फारच घरगुती आहे' असं म्हणून एकापाठोपाठ एक प्रकाशकांनी ते परत केलं, तेव्हा चिमीनं शाळेतली नोकरी सोडली, हे दुकान घेतलं आणि दारावर पाटी लावली: घरगुती प्रकाशन. इथून पुढे फक्त बायकांची पुस्तकं काढणार, असं तिनं छापखानेवाल्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "ते ठीक आहे हो, पण नणंदेनं भावजयीचं पुस्तक काढलेलं मी जन्मात पाहिलं नाही."

दादानं आईला खुर्चीत बसवलं. वेगळ्या राहणाऱ्या बायकोकडे त्यानं पाहिलंही नाही.

"चिमे, ते बाल्कनीचं प्रकरण काढून टाक. बाकी काय छापायचं ते छाप."

"छापून झालंय, दादा."

"मग गठ्ठे परत पाठव. ऑफिसात लोक वाचतील, मी तोंड कुठे लपवू? तिचं काय, तिनं लिहिलं आणि मोकळी झाली."

"ती इथेच बसलीय," वहिनी गठ्ठ्यांमागून म्हणाली.

दादाचा आवाज चढला. "भांडणं कुणाच्या घरात होत नाहीत? मी कधी हात उचलला? बाल्कनीत काढून दार लावलं, डोकं शांत झालं की उघडलं. एवढ्याशा गोष्टीचं पुस्तक?"

"एवढीशीच आहे ना? मग राहू दे की पुस्तकात," चिमी म्हणाली.

"तू माझी बहीण आहेस की तिची?"

ह्याच दादानं चिमीला सायकल शिकवली होती, ढोपरं फुटली की फुंकर घातली होती.

"तुझीच," ती म्हणाली. "पण एक पानही काढणार नाही. एक ओळसुद्धा नाही."

"आई, आता तूच सांग हिला."

आईकडे इतका वेळ कुणाचं लक्षच नव्हतं. तिनं जवळच्या गठ्ठ्यातलं एक पुस्तक ओढून घेतलं होतं, चष्मा चढवला होता आणि ओळीखाली बोट धरून ती वाचत होती. ती आता मोठ्यानं वाचू लागली, सावकाश, अडखळत. "शेजाऱ्यांना कळू नये म्हणून मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढायची, घड्या घालायची आणि पुन्हा वाळत टाकायची."

तिनं मान वर केली. "खरं आहे हे?"

"आई, अगं, त्यात काय..."

"तुला नाही विचारलं."

वहिनीच्या हातातलं पाकीट तसंच राहिलं. "खरं आहे, आई."

आईनं पुस्तक मिटलं.

"आमच्या वेळी बाल्कनी नव्हती," ती म्हणाली. "मोरी होती."

चिमीनं दादाकडे पाहिलं. हे दोघांनाही नवीन होतं. "बाबा?" दादा पुटपुटला.

"तू दाराबाहेर बसून रडायचास. कडीला हात पोचायचा नाही तुझा."

दादाला आरशात स्वतःचा चेहरा दिसला तशी त्यानं नजर वळवली. "चल, आई. घरी जाऊ," एवढंच म्हणून तो बाहेर पडला.

आई उठली नाही. तिनं पायांतल्या चपला काढल्या आणि खुर्चीखाली सारल्या. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. थोडं थांबून पुन्हा वाजला, लांबलचक. चिमी दाराकडे निघाली.

"वाजू दे," आई म्हणाली. मग सुनेकडे वळली. "ते पत्ते राहू देत जरा. कागद घे. माझा हात कापतो, मी सांगते, तू लिही."

वहिनीनं कागद पुढे ओढला. "कुठून सुरुवात करू?"

आईनं मिटलेलं पुस्तक बाजूला ठेवलं.

"कडी बाहेरून होती," ती म्हणाली. "तिथून."