आठ नंबर पार्किंगच्या सह्या

“पत्तापण?” सगळे ज्याला ट्रम्पेट म्हणायचे, त्या माणसानं पेन हवेतच थांबवलं. “मी सही करतोय की लग्न जमवतोय?”

“पत्ता नसेल तर नगरपालिका सही धरत नाही,” ब्रिन म्हणाली. “नाव, आडनाव, घर नंबर. नीट लिहा.”

“आणि फोन नंबर,” मागून मर्ल म्हणाले. मर्ल म्हणजे ब्रिनचे आजोबा. कागदावर फोनचा रकानाच नव्हता. तरी ट्रम्पेटनं समासात नंबर लिहिला.

घरच्या मैदानावरची हंगामातली शेवटची फुटबॉल मॅच होती. सोमवारी नगरपालिकेची बैठक होती. ती पार पडली की कॉलेजच्या स्टेडियमला लागून असलेलं हे आठ नंबरचं पार्किंग संपलं. इथे हॉटेल येणार, दुकानं येणार, बाल्कनीतून थेट मैदान दिसेल असे फ्लॅट येणार. तीनशे सह्या जमल्या तरच बैठकीत विरोध ऐकून घेणार होते. ब्रिनकडे दोनशे त्र्याहत्तर होत्या. उन्हाळ्यापर्यंत जी मुलगी पिझ्झा मागवायलासुद्धा फोन करायची नाही, ती आज अनोळखी माणसांच्या हातातलं सॉसेज बाजूला ठेवायला लावून त्यांच्या सह्या घेत होती! तिचं तिलाच खरं वाटत नव्हतं.

मॅचआधी इथेच गाड्या लावून सगळ्यांचं खाणंपिणं चालायचं. प्रत्येक गाडीमागे शेगडी पेटली होती आणि प्रत्येक शेगडीपाशी वेगळंच मत शिजत होतं. एकानं तिला मिठीच मारली. एक बाई म्हणाली, “येऊ दे गं हॉटेल, निदान थंडीत ऊबदार संडास तरी मिळेल.” एक गृहस्थ ‘आमचं पार्किंग वाचवा’ असा फलक काखेत धरून फ्लॅटचं माहितीपत्रक वाचत होते.

“तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?” ब्रिननं विचारलं.

“पार्किंग वाचलं तर उत्तम,” ते म्हणाले. “नाही वाचलं तर तिसरा मजला.”

त्यांनी सही केली. ब्रिनचं डोकं मात्र गरगरायला लागलं.

पण सगळ्यात अवघड कोडं होतं आजोबांचं. एकतीस वर्षं ते याच जागी गाडी लावत होते. अख्खा उन्हाळा त्यांनी हॉटेलवाल्यांना शिव्या घातल्या होत्या. आणि आता सही करायची वेळ आली तर “बघू, बघू.” वर तिच्या मागेमागे फिरून प्रत्येक कागदात डोकं घालत होते. “हा एक आहे की सात?” “ही कुठली गल्ली?” “अरे, आडनाव पूर्ण लिही, कोंबडीचे पाय काय काढतोस!”

“आजोबा, तू सही का करत नाहीस?”

“करतो गं. आधी लोकांच्या होऊ देत.”

दुपारी बँड वाजायला लागला. सगळे स्टेडियमकडे निघाले. ब्रिननं कागद गाडीत पुढच्या सीटवर ठेवले. दोनशे अठ्ठ्याण्णव.

“तू हो पुढे,” आजोबा म्हणाले. “मी निखारे विझवून आलोच.”

मॅच सुरू झाली. शेजारची खुर्ची रिकामीच. एकतीस वर्षांत आजोबांनी पहिली किक कधी चुकवली नव्हती. मध्यंतर व्हायची वेळ आली. त्यांना काही झालं तर नसेल? की... निखारे आणि कागद एकाच ठिकाणी होते! सही न केलेला माणूस आणि कागदही एकाच ठिकाणी होते.

ती उठली.

“बाहेर गेलीस तर परत आत घेणार नाही हं,” दारावरचा माणूस म्हणाला.

“नका घेऊ!” ती धावलीच.

आजोबा घडीच्या टेबलापाशी बसले होते. समोर तिचे कागद उलगडलेले. चष्मा नाकाच्या टोकाला. कागदी ताटल्यांच्या पाठीवर ते काहीतरी लिहीत होते. पाच-सहा ताटल्या भरल्या होत्या. स्टेडियममध्ये गर्जना झाली. त्यांनी मानही वर केली नाही.

“काय चाललंय?” ब्रिनला धाप लागली होती. “हॉटेलवाल्यांना नावं देणार आहेस का? सरळ सांग. तू त्यांच्या बाजूचा आहेस?”

“मी?” आजोबा हसले. मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले. त्यांनी एक ताटली तिच्याकडे सरकवली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: ट्रम्पेट. खाली: क्लॅरेन्स ऑडबी, १४ मिल रोड. त्याखाली फोन नंबर.

“ट्रम्पेटचं नाव क्लॅरेन्स आहे,” आजोबा म्हणाले. “क्लॅरेन्स! त्याच्या गुडघ्याच्या दोन्ही ऑपरेशनांच्या तारखा मला पाठ आहेत. त्याची बायको का गेली तेही माहीत आहे. नाव आज कळलं.”

“मग सही का नाही केलीस?”

“लोकांचे पत्ते बघण्यात राहून गेली. एक कशाला, दोन करतो. आण इकडे. पण वाचेल असं वाटतंय का तुला हे पार्किंग?”

ब्रिननं ताटली उलटसुलट करून पाहिली. सकाळी ती पटकन ‘हो’ म्हणाली असती.

“गेल्या वर्षी मिरची आली नाही,” आजोबा म्हणाले. “मिरची म्हणायचो आम्ही त्या बाईला. तू तेव्हा मॅचला येत नव्हतीस. त्या खांबापाशी गाडी लावायची. बावीस वर्षं आमच्यासाठी रस्सा करून आणायची, डोळ्यांतून पाणी काढणारा. आम्ही पाच शनिवार तिची जागा धरून ठेवली. सहाव्या शनिवारी ट्रम्पेट म्हणाला, अरे, कुणीतरी तिला फोन करा. आणि आम्हा चौदा जणांपैकी एकाकडेही तिचा नंबर नव्हता, खरं नावसुद्धा नव्हतं.”