तिसऱ्या वळणावरची भेग

घाटाच्या तिसऱ्या वळणावर वृंदा कामेरकरने ब्रेक दाबले. डांबराला पडलेली भेग मागच्या रविवारी बोटभर होती, आज तिच्यात अख्खा हात जात होता. आणि बरोबर खालच्या उतारावर वाडीतली एकवीस घरं होती.

"राइड इथेच संपली," तिने सायकल ग्रुपला सांगितलं. "खाली चला, प्रत्येक दार वाजवा."

नऊ जणांनी तासाभरात वाडी रिकामी केली. म्हाताऱ्यांना सायकलवर बसवून, हाताने ढकलत पलीकडच्या शाळेत आणलं. दुपार झाली तरी काहीच घडलं नाही. उलट चार दिवसांच्या पावसानंतर लख्ख ऊन पडलं होतं.

"शहरातनं सायकली घेऊन येता नि आमच्या पोटात गोळा आणता," पोलीसपाटील भडकले. "चला रे घरी."

माणसं उठली. वृंदा दारात आडवी उभी राहिली, पण तिचाही धीर सुटत चालला होता.

"गप बसा जरा," कोपऱ्यातली सोनाबाई म्हणाली. "वहाळाचा आवाज येतोय?"

सगळ्यांनी कान दिले. पावसाळाभर वाडीमागे गर्जणारं पाणी मुकं झालं होतं.

"वर पाणी अडलंय. डोंगर सुटलाय."

पाटलांचा चेहरा पांढराफटक पडला. "बायकोला मीच मघाशी वाडीत पाठवलं... गुरांना वैरण घालायला."

वृंदाने सायकल घेतली. ती शाळेच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत वाडीवरची झाडं उभ्याउभ्याच खाली सरकू लागली होती.