कुकरची शिट्टी

सुरगाण्याजवळच्या पाड्यावर भूकंपाचे हलके धक्के बसू लागले, तशी ठमाबाई अंगणात झोपायला लागली. सातपूरला कंपनीत असलेल्या तिच्या लेकीने, साधनाने, फोनवर समजावलं, "आई, लहान धक्के बसलेले बरे. कुकरची शिट्टी होऊन वाफ निघून जाते ना, तसंच जमिनीचं. मग मोठा भूकंप येत नाही." हे तिने मोबाइलवर कुठेतरी वाचलं होतं. खरं की खोटं, कोण जाणे. आईने घरात झोपावं, एवढंच तिला हवं होतं.

ठमाबाई घरात झोपू लागली. मांडणीवरची भांडी वाजली की सकाळी हसत फोन करायची, "काल एक शिट्टी झाली बघ."

थंडीत धक्के थांबले. पाडा निर्धास्त झाला. साधनाने फोन केला, तर आईच्या आवाजामागे वारा घोंघावत होता.

"आई, एवढ्या गारठ्यात परत अंगणात? धक्के तर थांबलेत ना?"

"म्हणूनच तर," ठमाबाई हळू आवाजात म्हणाली. "किती दिस झालं, एकबी शिट्टी नाय. खाली जाळ तर चालूच असंल ना गं?"