खिंडीतला दुवा

टॉवर गेल्यापासून नेट माणसांच्या मनगटावरच्या पट्ट्यांतून, एकाकडून दुसऱ्याकडे पोचायचं. आज खिंडीत उभं राहायची पाळी हौसाबाईंची होती, आणि नेमकी आजच खाली घरात त्यांची लेक अडली होती. शहरातली डॉक्टरीण पडद्यावरून सुईणीला सांगत होती. हौसाबाई चार पावलं जरी हलल्या असत्या, तरी ते बोलणं तुटलं असतं.

बोलणं वाहतं तोवर चटके देणारी पट्टी एकदम गार पडली. पाय घराकडे ओढ घेत होते, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

पट्टी पुन्हा तापली. पलीकडच्या टेकडीवरून पट्टीला पडदा असलेला भागोजी ओरडला, "मावशी, नातीचा फोटो आला! पार दुबईला, तिच्या बापापर्यंत पोचला!"

फोटो हौसाबाईंच्याच मनगटातून गेला होता, पण त्यांच्या पट्टीला पडदा नव्हता.

"कुणावर गेलीय रे?" त्यांनी ओरडून विचारलं.