पासवर्डांची वही

"वही द्या ना बाई," गुंजनने तिसऱ्यांदा सांगितलं.

सुलोचनाबाईंनी लाल पुठ्ठ्याच्या वहीवर हात ठेवला आणि खिडकीबाहेर पाहिलं. शेजारच्या जिनिंग गिरणीतला कापूस उन्हात तरंगत होता. थोडा वेळ थांबत होता, मग कुणालाही न विचारता आत येत होता. आर्वीच्या त्या ऑफिसात हिवाळाभर असंच चालायचं. फायलींवर कापूस, पंख्यावर कापूस, बाईंच्या डोक्यावर कापूस. केस कुठे संपतात आणि कापूस कुठे सुरू होतो, ते नव्या माणसाला कळत नसे.

"सोमवारी देतो पोरी," बाई म्हणाल्या. "तोवर राहू दे माह्याजवळ."

गुंजन नवीनच होती. नागपूरहून येऊन दोन महिने झालेले, पहिलीच नोकरी. जामपासून आंजीपर्यंत कंपनीची नऊ खरेदी केंद्रं होती. वजनकाटा, गेटपास, गाठींचा साठा, गाड्या, हजेरी, पगार, अशी सहा कामं सहा वेगळ्या प्रोग्रॅमवर चालत. ते प्रोग्रॅम जिथे चालत ते यंत्र पुण्यात, आणि प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. विसरला की बाईंना फोन.

सव्वानऊ वाजले की फोन सुरू व्हायचे. "बाई, पासवर्ड विसरलो जी." बाई वही न उघडताच म्हणायच्या, "तोच हाय ना, कालचाच. आठवा बरं जरा. गुडघा कसा हाय?" मग गुडघ्याचं चालायचं दहा मिनिटं. पासवर्डासाठी फोन, पासवर्डांची वही, आणि वही बिनकुलपाच्या ड्रॉवरमध्ये. गुंजनला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांनी हे पाहिलं असतं तर त्यांना घेरीच आली असती.

गुंजनने जी नवी सोय बसवली होती तीत ही कटकटच नव्हती. सकाळी कंपनीच्या पोर्टलवर एकदा शिरायचं, की सहाही दारं आपोआप उघडी. पासवर्ड एकच, तोही ज्याचा त्याने ठेवलेला. सोमवारी सुरुवात होती. त्या दिवशी जुनी वही नष्ट करावी, असं मॅनेजर प्रफुल्ल साहेबांनी लेखी कळवलं होतं.

"मंग मले काय काम राह्यते?" बाईंनी विचारलं.

"आराम करा ना बाई," गुंजन म्हणाली, आणि बोलल्याबरोबर तिला वाईट वाटलं.

बाईंचं सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. त्यांचे यजमान तानबा इथेच वजनकाट्यावर कामाला होते. ते गेले आणि कंपनीने बाईंना ही खुर्ची दिली, समोर फोन ठेवला, पासवर्ड लिहून ठेवायला वही दिली. पहिले तीन महिने बाई कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. यायच्या, कापसाकडे बघत बसायच्या, पाच वाजता उठून जायच्या. मग एके दिवशी जामचे बंडूजी पासवर्ड विसरले. मग आंजीचा श्रावण विसरला. मग विसरण्याची साथच आली, आणि बाई बोलू लागल्या. आता तो फोन बंद पडणार होता, आणि बंद पाडणारी गुंजन होती.

सोमवारी ती चहाही न घेता आली. तिच्या स्क्रीनवर नऊ केंद्रांवरच्या नऊ जणांची नावं होती. जो आत शिरेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. नऊ वाजून पाच मिनिटांनी जाम हिरवं झालं, मग आंजी, आणि बघता बघता नऊच्या नऊ. सगळं अगदी सुरळीत चाललं होतं. गुंजनला आनंद व्हायला हवा होता.

फोन गप्प होता. बाई वहीवर हात ठेवून बसल्या होत्या. कापूस अगदी सावकाश खाली येत होता.

सव्वानऊला फोन वाजला. दोघीही दचकल्या.

"बाई, पासवर्ड विसरलो जी." बंडूजींचा आवाज दणदणीत, गुंजनला जागेवरून ऐकू आला. तिने स्क्रीन पाहिली. बंडूजींपुढे ठिपका हिरवाच होता. माणूस बाहेर आणि ठिपका हिरवा, म्हणजे दोन महिन्यांचं काम पाण्यात. आणि दहा वाजता साहेब बघायला येणार होते. तिने बाईंच्या हातून रिसीव्हर जवळजवळ ओढूनच घेतला.

"बंडूजी, तुमचं नाव इथे हिरवं दिसून राहिलं. तुम्ही आत आहात की बाहेर?"

पलीकडे हायवेवरचे ट्रक ऐकू येत राहिले. मग बंडूजी कधी नव्हे इतक्या हळू आवाजात बोलले.

"आतच हाय म्याडम. मी कधीच विसरलो नाई. कोणीच नाई विसरलं. तानबा गेला तवा बाई बोलेनाशी झालती. द्या तिले फोन, गुडघ्याचं सांगाचं हाय."

गुंजनने रिसीव्हर परत दिला. "सिस्टिममध्ये अडचण आहे बाई," ती म्हणाली. नोकरीतलं तिचं पहिलं खोटं. "खरंच विसरले ते. रोजच विसरतील बहुतेक."

बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग रिसीव्हर कानाला लावला. "तोच हाय ना बंडूजी, कालचाच," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या हाताने लाल वही गुंजनपुढे सरकवली. "घे पोरी. सोमवार हाय आज. जाळून टाक."

गुंजनने वही उघडली. पासवर्ड एकही नव्हता, पहिल्या पानापासून कुठेच नाही. तारखा होत्या, आणि बाईंचं गोल अक्षर. बंडूजी, गुडघा, विचारणे. श्रावण, मुलीचा पेपर, विचारणे. रूपराव, भावाशी बोलत नाही, हळूच विचारणे. अशी चार वर्षांची पानं.

शेवटच्या पानावर आजची तारीख होती. खाली एकच ओळ होती.

गुंजन, सकाळी उपाशी येते, डब्याचं विचारणे.