लाल गोल

काचीगुड्याच्या हर्षदाच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर दुपारी एक फोटो आला. बेगम बाजारात घाईने चाललेली एक बाई आणि तिच्यामागे रडत फरफटणारं लहान पोर. खाली लिहिलं होतं, 'मुलं पळवणारी बाई. दिसली की पकडा.' हर्षदाने मोबाइल खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. त्या फोटोतलं काहीतरी तिला खुपत होतं. शेवटी तिने तो बोटांनी मोठा केला.

"पराग, हे बघ. बाईच्या दोन्ही हातांत पिशव्या आहेत. तिने पोराला धरलेलंच नाही. पोरानेच तिचा पदर धरलाय."

नवऱ्याने चष्मा लावून नीट पाहिलं. "आई आहे ती त्याची. लोक मारतील तिला. लवकर लिही ग्रुपवर."

तिने लिहिलं, पण वाचतो कोण? 'पकडो, पकडो'चे मेसेज पडतच राहिले. मग तिने फोटोवरच पोराच्या मुठीभोवती लाल गोल काढला आणि पाठवला. तो मात्र सगळ्यांनी पाहिला. ग्रुप शांत झाला. तरी हर्षदाला मोबाइल हातातून सोडवेना.

संध्याकाळी मलकपेठच्या नणंदेचा मेसेज आला, 'वहिनी, पोरांना बाहेर पाठवू नका.' सोबत फोटो होता. हर्षदाने काढलेल्या लाल गोलासकट तोच फोटो, आणि खाली नवा मजकूर: 'गोल में देखो, बच्चे का हाथ कैसा पकड़ी. इसको छोड़ना नक्को.'