खिंडीतली शेवटची लढाई

सासऱ्यांनी दोन्ही ढालवाले खिंडीच्या तोंडाशी उभे केले, तिरंदाज त्यांच्या पाठीशी ठेवले आणि माउसवरचा हात काढून घेतला.

"आता?" मागे उभ्या असलेल्या सुनेने विचारलं. मध्ये तोंड घालायचं नाही, असं खरं तर तिने स्वतःला बजावलं होतं.

"आता काही नाही. येऊ देत."

त्यांची पाळी संपली. पडद्यावरच्या चौकोनांवरून शत्रूचा पहिला घोडेस्वार भरधाव आला, ढालीवर आपटला, बाण खाऊन पडला. मग दुसरा. मग तिसरा. सासरे दर पाळीला तेवढे बाण सोडत होते आणि मधल्या वेळात चष्मा वर सरकवत होते.

सून पडद्याकडे वाकली. ही खेळातली शेवटची लढाई होती. चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यातून घरी आलं की रोज दोन तास, अशी सहा वर्षं तिने या खेळात घातली होती. तिला लहानपणी वेड लावणारा मूळ खेळ कंपनीने केव्हाच गुंडाळला होता. मग तिने आणि तिच्यासारख्याच तिघा वेड्यांनी, एकमेकांना एकदाही न भेटता, त्याचा पुढचा भाग घरबसल्या रचला. फुकट वाटायला. आज संध्याकाळी सहाला तो सगळ्यांसाठी खुला व्हायचा होता. ज्याने असलं काही आयुष्यात पाहिलेलं नाही अशा एकाने तरी तो आधी खेळून बघावा, म्हणून चार दिवसांपूर्वी तिने सासऱ्यांना या खुर्चीत बसवलं होतं.

बाराव्या पाळीला शत्रूचा सेनापतीही त्याच वाटेने धावत आला आणि त्याच ढालीपाशी आडवा झाला. संगीत थांबलं. सासऱ्यांच्या एकाही माणसाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

"झालं?" त्यांनी वळून विचारलं. त्यांचं त्यांनाच पटत नव्हतं.

"बाबा, असं कोणी खेळत नाही." तिचा आवाज जरा चढलाच. "पुढे जायचं असतं. डोंगरावरून वळसा आहे, नदीला उतार आहे. तीन महिने मोडलेत मी त्या नकाशात."

"बघितला ना वळसा. छानच आहे. पण मी कशाला जाऊ? ते येतायत की आपणहून."

ती पलंगाच्या कडेवर बसली. सासऱ्यांनी खुर्ची तिच्याकडे फिरवली.

"रागावलीस?"

"नाही."

"मग खरं सांगतो. तुमचा शत्रू शूर आहे, अंगात जोर आहे. थांबता तेवढं येत नाही त्याला. रिकामा रूळ दिसला की सुटतो." पस्तीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढली होती. "मी असं वागलो असतो तर..."

"आम्हा चौघांपैकी एकाच्याही लक्षात कसं आलं नाही," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "जुन्या खेळात लवकर जिंकणाऱ्याचा मान मोठा. आम्ही सगळे धावत सुटणारे."

"मग तुमच्यावरच गेलाय तो."

तिला नको असताना हसू आलं. मग ती उठून पडद्यापाशी आली. "थांबणारा असता तर त्याने काय केलं असतं?"

त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "इथे झाडीत बसला असता. मी कंटाळून बाहेर पडेपर्यंत."

"आणि तुम्ही नाही कंटाळलात तर?"

"तर या वरच्या वळशाने माझ्या पाठीवर आला असता. वाट तू केलीच आहेस."

तिने त्या वळशावरून बोट फिरवलं. साडेपाच वाजले होते. तिने फोन उचलला आणि तिघांना लिहिलं, 'आज नको. शेवटची लढाई पुन्हा करायची आहे.'

खेळाची चित्रं काढणाऱ्याचं उत्तर लगेच आलं, 'शुद्धीवर आहेस ना? लोक दुपारपासून डोळे लावून बसलेत.' गाणीवालीने फक्त 'किती दिवस?' विचारलं. तिसऱ्याने शत्रूच्या चाली लिहिल्या होत्या. पाच मिनिटांनी त्याचा निरोप आला, 'खिंडीत बसून राहिलं ना कोणीतरी? मला शंका होती. बोलायचा धीर झाला नाही. कोण आहे तो?'

'माझे सासरे,' तिने लिहिलं. 'दोन महिने लागतील. लोकांना मी सांगते.'

लोकांना काय सांगायचं ते तिला अजून सुचलेलं नव्हतं. तिने फोन पालथा ठेवला आणि संगणक बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे जरा," सासरे म्हणाले. "तिसऱ्या लढाईत माझा कर्णेवाला गेला. पुलावर. मीच त्याला पुढे धाडला होता."

परवा जेवताना ते एक अक्षर बोलले नव्हते, ते तिला आत्ता आठवलं.

"त्याची बहीण आहे बघ, छावणीत चूल सांभाळणारी. तेव्हापासून ती कोणाशी बोलतच नाही. मी प्रत्येक लढाईनंतर जाऊन बघतो. नुसती बसलेली असते."

"ते मी लिहिलंय," सून हळूच म्हणाली.

"त्याला परत आणता येतं का गं?"

"नाही बाबा. गेला तो गेला, असाच नियम ठेवलाय." ती थोडी घुटमळली. "पहिल्यापासून सुरू केलात तर असेल तो."

सासऱ्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची टेबलाशी ओढून घेतली.

"कुठे दाबायचं?" त्यांनी विचारलं.